ध्रुव, दोन मुठी वर

“कुतुब तारा गुल! अरे कोई है क्या नीचे, कुतुब तारा गुल हो गया!”

गच्चीवरून युसूफभाई ओरडत होते. कुतुब तारा म्हणजे ध्रुव. युसूफभाई आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे आणि पॉवरलूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम ठीक करणारे. उभं आयुष्य खडखडाटात गेल्यामुळे त्यांनी कानात सांगितलेलं गुपितही पडघ्याच्या बाजारात ऐकू जायचं. मग ते खरोखर ओरडले की काय होत असेल, याचा अंदाज करा. मे महिना होता, दिवेलागण होऊन थोडा वेळ झालेला, आणि सगळ्या भागाची लाईट गेलेली. मी हातातला घास हातात घेऊनच उठलो. माझ्यामागून बायको, तिच्यामागून सगळी चाळ. अंधाऱ्या जिन्यात कोण कुणाच्या पायावर पाय देत होतं ते त्या पायांनाच ठाऊक.

वर बाय आपल्या लोखंडी खाटेवर उत्तरेकडे तोंड करून बसली होती. मांडीवर आंबे उतरवायचा झेला, म्हणजे टोकाला जाळी बांधलेला लांब बांबू. रोज ज्या जागी ध्रुव असायचा, त्या जागी काळंकुट्ट होतं. आभाळाचा खिळा कुणीतरी उपटून नेला होता.

“सिस्टर,” बाय माझ्या बायकोला म्हणाली, “तुला दिसतो का?”

“नाही, बाय.”

“आन तुला रं?”

या प्रश्नाला मी तोवर कधीही ‘नाही’ म्हटलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी हातातला घास पटकन तोंडात टाकला. आमच्या चाळीत ध्रुव न दिसण्याचा अर्थ काय, हे जिन्याखालच्या मांजरालाही माहीत होतं. अर्थ असा, की आयुष्य उरलं सहा महिने. फार तर सहा महिने.

बाय आमची घरमालकीण. खाडीकाठच्या जुन्या शेतकरी घरातली. भिवंडीत जिथे लूम संपतात आणि गोदामं सुरू होतात, त्या शिवेवर तिची दुमजली चाळ होती. नाव तिला होतं, पण ते फक्त वीजबिलावर यायचं. बाकी जगाला ती बाय. उंचीने माझ्या कोपराएवढी. आवाज मात्र असा, की तिनं गच्चीवरून हाक मारली तर निजामपुऱ्यातले लूम क्षणभर थांबायचे आणि माफी मागून पुन्हा सुरू व्हायचे. हे मी स्वतः पाहिलेलं नाही. पण नेमके त्याच वेळी धागे तुटतात अशी तक्रार खुद्द युसूफभाईंनी केलेली आहे, आणि जॉबर माणूस धाग्याबद्दल खोटं बोलत नाही.

आम्ही नवरा-बायको खोली बघायला गेलो, तेव्हा बायनं नोकरी विचारली नाही, जात विचारली नाही, मटण खाता का तेही विचारलं नाही. म्हणाली, “दिवं लागल्यावर या.” गेलो. तिनं आम्हाला गच्चीवर उत्तरेकडे उभं केलं, झेला उचलला आणि आभाळात खुपसला.

“ती बग म्हातारीची बाज. चार खूर दिसलं? आन तिच्या मागं तीन चोर. बाज चोराया आल्यात. पन म्हातारी जागी हाय, म्हनून त्यांना न्हेता येत न्हाय.”

पुस्तकातले सप्तर्षी बायच्या आभाळात असे होते: चार खुरांची खाट आणि तीन भुरटे. वसिष्ठ ऋषींचा तिनं मधला चोर केला होता. त्याच्या बगलेतल्या अरुंधतीला ती चोराची पिशवी म्हणायची.

“आता चोरांपासनं लांबचं दोन खूर धर. त्यांच्यातनं रेघ मार, खाली. त्या दोन खुरांत अंतर हाय त्याच्या पाचपट. जमिनीपासनं दोन मुठी वर.” तिनं हात लांब केला, क्षितिजावर एक मूठ ठेवली, तिच्यावर दुसरी. “तो बग. दिसला का?”

मला धूळ दिसली. हायवेच्या बाजूचा तांबूस उजेड दिसला. एक विमान दिसलं. आमच्या लग्नात नवरीला ध्रुव दाखवायची पद्धत नाही. आम्ही पंचशील म्हटलं, हार घातले, जेवलो आणि घरी आलो. त्यामुळे सराव नव्हता. पण खोली हवी होती. मी म्हणालो, “दिसला. वा, काय तेज आहे.”

“बाई गं, डोळे दिपले,” बायको म्हणाली. ती दवाखान्यात नर्स आहे, पेशंटला धीर द्यायची तिला सवय.

त्या चाळीत राहून मी जी काही विद्या मिळवली तिच्यात ही पहिली: ज्याला ध्रुव दिसत नाही, तो त्याचं फार कौतुक करतो.

“खोली तुमची,” बाय म्हणाली. “सहा महिन्यांत मरनारा भाडेकरू मना नको. खोलीला मरन लागलं का नवा मानूस येत न्हाय.”

आम्हाला वाटलं, म्हातारी गमतीची आहे. पहिल्याच आठवड्यात कळलं की यात गंमत काहीही नाही. रोज दिवेलागणीनंतर गच्चीवर हजेरी असायची. रात्रपाळीवाले आधी यायचे, ड्युटीला उशीर झाला तरी चालेल पण हजेरी चुकायची नाही. बाय खाटेवर बसून एकेकाला विचारायची, “दिसला का?” आणि एकेक जण म्हणायचा, “दिसला.” लोक सकाळी भेटल्यावर चहा झाला का विचारतात, बाय तेव्हाही हेच विचारायची, भर उन्हात, आणि आम्ही भर उन्हातही दिसला म्हणायचो. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं: “देव बदलला तरी चालंल, दिशा बदलू नको.” आणि जगातली सगळी अंतरं ती मुठीत सांगायची. कल्याण अर्धी मूठ, अकलोली पाऊण मूठ, आणि तिची पडघ्याला दिलेली लेक “हाताच्या अंतरावर हाय, पन हातात न्हाय.”

अकलोलीचं नाव मात्र ती हळू घ्यायची. तिथेच ते झालं होतं. ती आणि तिचा नवरा दसऱ्याच्या सुमारास गरम पाण्याच्या कुंडावर गेले होते. आंघोळी झाल्या, अंधार पडला, आभाळ लख्ख होतं. दोघांना लग्नापासूनची सवय, रोज ध्रुव बघायची. बाय म्हणाली, तो बग. नवरा म्हणाला, कुठं? बायला वाटलं चेष्टा करतोय. तिनं त्याची हनुवटी धरून मान वळवली. तो म्हणाला, “अंधार हाय गं.” बाय हसली. होळी पेटायच्या आत ती विधवा झाली.

“मी हसले,” एवढंच म्हणून ती ही गोष्ट संपवायची.

तरीही मी मनाशी म्हणायचो, योगायोग. आपण शिकलेली माणसं. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर. असल्या गोष्टी आपल्या बुद्धीला मान्य नाहीत. मग कोपऱ्यातल्या खोलीतल्या शिंपीकाकांचं झालं, आणि कळलं की बुद्धीला मान्य नसलेल्या गोष्टी गुडघ्यांना मान्य असतात.

शिंपीकाका हा अत्यंत सरळ माणूस. कापडाचा तुकडा उरला तर बटाटेवड्याएवढा असला तरी गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन द्यायचा. दिवाळीतल्या एका हजेरीला त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाले, “नाही बुवा. मला काही दिसत नाही.”

बायचा चेहरा पांढरा पडला. तिनं त्यांना दहा जागी उभं केलं, झेल्यानं आभाळ खरवडून काढलं, “नीट बगा ना, भाऊ” म्हणून विनवलं. काका म्हणाले, “नाही तर नाही. खोटं कशाला बोलू?”

थंडी सरता सरता काका गेले. त्यांच्या छातीत पाणी झालं होतं, हे माझी बायको सांगत राहिली. कुणीही ऐकलं नाही. मी तर मुळीच नाही. त्या दिवसापासून रोजचा ‘दिसला’ मी बायकोच्या आडून म्हणायचो. एक तर मला ध्रुव दिसत नव्हता, म्हणजे मी मरणार. दुसरं, खरं बोललो तर आणखी लवकर मरणार. रात्री अंथरुणात महिने मोजायचो: आज दिसला नाही, म्हणजे आजपासून सहा. उद्याही दिसला नाही, म्हणजे उद्यापासून सहा. अशा रीतीने मी रोज मरण एक दिवस पुढे ढकलत होतो, आणि हे शास्त्र कुणाला विचारायची सोय नव्हती. शेजारून युसूफभाईंचाही झोप न लागल्याचा आवाज यायचा. त्यांची झोप न लागणंसुद्धा मोठ्यानेच व्हायचं.

मग गोदाम आलं.

चाळीसमोर, रस्त्याच्या पलीकडे, उत्तरेला बायच्या घरचंच भाताचं खाचर होतं आणि त्यात एक आंबा. दिरांनी आणि पुतण्यांनी ती जागा गोदामाला दिली. आंबा पडला, झेला तेवढा उरला. बघता बघता पत्र्याची एवढी अवाढव्य शेड उभी राहिली की तिच्या एका टोकाला ऊन असायचं तेव्हा दुसऱ्या टोकाला संध्याकाळ. उत्तरेचं आभाळ एक मूठ नाही, चांगलं दोन मुठी झाकलं गेलं. बाय त्या दिवसांत गच्चीवर यायची, खाटेवर बसायची आणि कुणालाही काही विचारायची नाही. हे विचारण्यापेक्षा भयंकर होतं.

आणि एके संध्याकाळी, शेडच्या माथ्यावर, बरोब्बर त्या जागी, पांढराशुभ्र ध्रुव उगवला.

बायनं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “आला. दिसला का रं?”

मी शपथेवर सांगतो, त्या दिवशी मला ध्रुव दिसला. सगळ्यांना दिसला. मोतीबिंदूवाल्यांना दिसला, चष्मा हरवलेल्यांना दिसला, पाठ करून उभ्या असलेल्यांनाही भिंतीवर स्वतःची सावली पडल्यामुळे दिसला. गोदामानं आमच्या आख्ख्या चाळीची नजर सुधारली. वसिष्ठाला जे जमलं नाही ते शेडवरच्या एका बल्बनं केलं. आता तुम्ही म्हणाल, एवढ्या माणसांतल्या कुणालाच कळलं नाही? कळायला काय, दुसऱ्याच मिनिटाला कळलं असेल. पण खोटं न बोलता ‘दिसला’ म्हणता येतं आणि खाली जाऊन गाढ झोपता येतं, हे सुख ज्यानं चाखलं तो बल्ब शब्द उच्चारेल कशाला? माझी नर्स बायकोसुद्धा गप्प बसली. युसूफभाई तर म्हणाले, “माशाल्ला, कुतुब तारा साफ हो गया.”

गोदामाला जनरेटर होता. सगळीकडची लाईट गेली की ध्रुव एकदा डोळा मिटायचा, कुठंतरी घर्रर व्हायचं, आणि पुन्हा उघडायचा. बाय बोट दाखवून म्हणायची, “बगा. आख्ख्या भिवंडीची लाईट जाते, याची जात न्हाय. म्हनून त्याला अढळ म्हनतात.”

त्याच सुमाराला बायनं आम्हाला मिठाचा चहा पाजला. मग तुळशीचं पाणी वृंदावनाशेजारच्या चपलांत ओतलं. माझ्या बायकोनं तिला उजेडात बसवलं, टॉर्च मारला आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, “दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. पिकून दगड व्हायला आलाय. आता काढला नाही तर पुढे काढूनही उपयोग नाही. कायमची आंधळी होईल ही.”

बायला सांगितलं. पडघ्याहून लेक येऊन रडून गेली. बाय हलेना. “मना ध्रुव दिसतो ना? मंग झालं. तुमच्या डाक्टरनं काय तरी कापायचा आन दिसायचा बंद झाला, तर? न्हाय न्हाय. डोल्याला हात लावू नका.”

जगातला तो एवढाच एक तारा होता जो मोतीबिंदूतूनही दिसायचा. आणि त्याच्या भरवशावर ती हळूहळू आंधळी होत होती.

आता कळलं असेल की त्या मे महिन्याच्या संध्याकाळी युसूफभाई का ओरडत होते. लाईट गेली, ध्रुवानं डोळा मिटला, आम्ही घर्ररची वाट पाहिली, आणि घर्रर झालंच नाही. जनरेटर बसला होता.

“दिसतो का रं?” बायनं मला पुन्हा विचारलं. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

बल्ब होता तो, हे म्हणायचं तर इतक्या दिवसांचं सगळंच उकरावं लागणार. न म्हणावं तर आख्खी चाळ सहा महिन्यांत साफ. युसूफभाई पुटपुटले, म्हणजे गल्लीला ऐकू गेलं, “घरवाली को मुलुक भेज देता हूँ.”

शेवटी बायकोच म्हणाली, “शेडच्या मागं चला. तिथून बघू.”

निघालो. वरात अशी होती. पुढे युसूफभाई, साप पळावेत म्हणून मोठ्यानं खोकत. मग मी, हातात झेल्याचं एक टोक. झेल्याचं दुसरं टोक बायच्या हातात. तिला मी असा चालवत होतो. मागे बायको आणि बाकीची चाळ, कुत्र्यांना नावानं हाका मारत. शेडला वळसा घालून आम्ही खाचरांच्या बांधावर आलो आणि सगळ्यांनी एकदम मान वर केली.

भिवंडीवर एवढं आभाळ आहे हे मला ठाऊक नव्हतं. गोदामांचे दिवे नाहीत, हायवेपर्यंत काळोख, आणि वर चांदण्यांचा नुसता चिखल. बघून आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. रोज ज्याच्याकडे बघून आपण खोटं बोलतो, तो माणूस अचानक समोर येऊन उभा राहावा तसं झालं.

बायनंच शिकवलेलं केलं. बाज शोधली, ती डोक्याच्या जरा खाली, उत्तरेला उपडी पडली होती. तीन चोर सापडले. लांबचे दोन खूर धरले, रेघ सरळ खाली मारली, पाचपट. हात लांब केला, मुठीवर मूठ ठेवली. आणि तिथे, एवढ्या गर्दीत एकटा, एक साधासा ठिपका होता.

कुणी तेज म्हटलं नाही. कुणाचे डोळे दिपले नाहीत. युसूफभाई आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजले. “है. छोटा है, लेकिन है.”

“बाय?” मी म्हणालो.

“दिसला,” बाय चटकन म्हणाली. “लय तेज हाय.”

तो सूर मी ओळखला. तो माझा सूर होता. झेल्याची जाळी भलतीकडेच, पडघ्याच्या अंगाला लागली होती.

“कुठे दिसला, बाय?” बायकोनं विचारलं.

जाळी इकडे गेली, तिकडे गेली, मग खाली आली. बाय बांधावर बसली. “अंधार हाय गं,” ती म्हणाली, आणि स्वतःचेच शब्द ऐकून तिनं तोंडावर हात ठेवला. “तो बी असंच म्हनाला व्हता. अकलोलीला. असंच.”

बायको तिच्याशेजारी मातीत बसली. “बाय, हा अंधार डोळ्यातला आहे. काढता येतो.”

“तेच तर, सिस्टर. डोला खराब हाय तवर मना म्हनता येतं, डोला खराब हाय. डोला बरा केला आन तरी बी न्हाय दिसला, मंग कोनाला बोल लावू?”

मग बायकोनं चाळीवर बॉम्ब टाकला. “आम्हाला कुणालाच कधी दिसला नव्हता, बाय. खोली घेतली त्या दिवशीसुद्धा नाही. आम्ही सगळे रोज खोटं बोलायचो. विचारा यांना. मेलो का आम्ही?”

अंधारात एकेक जण कबुली देऊ लागला. ‘हमको भी नहीं दिखा’, ‘आम्हालाबी न्हाय’, ‘मी तर उत्तर कुठंय तेच विचारणार होतो’. बाय ऐकत होती. आता ही सगळ्यांना खोल्या खाली करायला सांगणार, असं मला वाटलं. ती विचार करून म्हणाली, “म्हंजे खोटं बोललात, म्हनून वाचलात. शिंपी खरं बोलला.”

बायकोनं तोंड उघडलं. शिंपीकाकांची छाती, त्यातलं पाणी, सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

“हो,” ती म्हणाली. “मग तुम्हीपण तेच करा. ऑपरेशन करून घ्या. दिसला तर दिसला म्हणा. नाही दिसला तरी दिसला म्हणा. कुठे, असं कुणी विचारणार नाही. माझी जबाबदारी.”

बायनं तिच्याकडे, म्हणजे तिच्या आवाजाकडे, तोंड वळवलं. “हे तुमच्या दवाखान्यात शिकवतात?”

“नाही. तुमच्या गच्चीवर शिकले.”

एका डोळ्याचं ऑपरेशन पाऊस लागायच्या तोंडावर झालं. पट्टी सुटली तेव्हा बायनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि “तू असा दिसतोस व्हय” म्हणाली. ते कौतुक नव्हतं. पण तोवर ढग भरून आले होते. पुढचे चार महिने भिवंडीवर झाकण बसलं. नवा डोळा तयार, आणि बघायला आभाळ नाही. गोदामाचा जनरेटर दुरुस्त झाला होता, शेडवरचा बल्ब रोज लागायचा. बाय गच्चीच्या दारात बसून त्याच्याकडे बघायची, नव्या डोळ्याला त्याची वायरही दिसत असणार, आणि हजेरी घ्यायची नाही. तिनं मे महिन्यापासून महिने धरले होते, हे मला कळत होतं, कारण मीही धरले होते. जेवण कमी झालं. एके दिवशी तिनं झेला मला देऊ केला. मी तो घेतला नाही, आणि आत जाऊन दार लावून बसलो. लेकीला फोन करून बाय आपली कानातली कुठे ठेवलीत ते सांगत होती. ऑपरेशन उत्तम झालं, डॉक्टर खूश होते. मरणाऱ्या माणसाचा डोळा इतका सुरेख बरा झालेला त्यांनी पाहिला नसेल.

दसऱ्याच्या सुमाराला आभाळ उघडलं. अंधार पडल्यावर बाय स्वतःहून म्हणाली, “चला.” पुन्हा बांध. या वेळी तिनं झेल्याचं टोक धरलं नाही, पुढे चालली. तिथे पोचलो आणि तिनं वर पाहिलं, उत्तरेला, इकडून तिकडे.

“बाज न्हाय,” ती म्हणाली. “चोरांनी न्हेली.”

सप्तर्षी त्या दिवसांत संध्याकाळी क्षितिजाखाली असतात, हे मला नंतर समजलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं की म्हातारीची बाज आभाळातून गेलेली आहे आणि सहावा महिना लागायला आला आहे. माझी बायको मात्र घाबरली की शाळेतलं आठवते. तिनं उजवीकडे बोट दाखवलं. “बाय, त्या पाच चांदण्या. वाकड्यातिकड्या, इंग्रजी एमसारख्या. शर्मिष्ठा. बाज नसते तेव्हा ही असते. तिच्या मधल्या चांदणीवरून डावीकडे खाली या.”

बायनं हात लांब केला. जमिनीवर मूठ ठेवली. तिच्यावर दुसरी मूठ ठेवली. आणि तशीच उभी राहिली.

विचारायचं नाही असं ठरलेलं होतं. विचारूनही काय उपयोग? दिसला तरी ती ‘दिसला’ म्हणणार होती, नाही दिसला तरीही ‘दिसला’च म्हणणार होती, तशी तिला आम्हीच पढवली होती. चटकन म्हणाली असती तर मी ओळखलं असतं. ती चटकन म्हणेना. सावकाशही म्हणेना. युसूफभाई श्वास रोखून उभे होते, आणि त्यांचा श्वास थांबल्यामुळे पहिल्यांदाच बेडकांचं ओरडणं ऐकू येत होतं. बायनं मुठी सोडल्या, लुगड्याला हात पुसले आणि म्हणाली, “चला घरी.”

बस, एवढंच. ना हो, ना नाही. परतीच्या वाटेवर मला शिंपीकाकांचा चष्मा पुसणारा हात दिसत होता. शेडला वळसा घातला, चाळीच्या दारात आलो. वर, शेडच्या माथ्यावर, बल्ब झगझगत होता. बाय जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली, मान वळवून तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि बायकोला राहवलं नाही.

“बाय, दिसला का?”

“दिसला,” बाय म्हणाली. “पन लय बारीक हाय, आन मळकट. गोदामवाल्याचा बरा व्हता.”